पहिल्या पाण्याचा मान

इईदा, ता. १६ मे १९९३

ती. सौ. तोमिएआत्यास,
इकुएचे शि. सा. न. वि. वि.

तुमच्या क्योतोत पालवी केव्हाच गर्द झाली असेल. इथे डोंगराच्या माथ्यावर अजून बर्फाची एक रेघ आहे. बाबांचा खोकला थंडीबरोबर गेला म्हणायला हरकत नाही. दुकानातल्या मिसोच्या आंबवणाची पिंपं आम्ही दोघांनी याच आठवड्यात ढवळली. तुमचा गुडघा कसा आहे?

शुंजीदादा परत आला, आणि एकटा नाही, बायको घेऊन आला. हामामात्सूच्या कारखान्यात दोघं एकाच पाळीत होती. तिथेच कचेरीत जाऊन लग्न नोंदवलं आणि मग आम्हाला कळवलं. तिचं नाव लुसिया. ब्राझीलची आहे, पण तिचे आजोबा आपल्याच खोऱ्यातून तिकडे कॉफीच्या मळ्यावर गेलेले. चेहरा अगदी आपल्यासारखा. दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, वरच्या आळीतली कुणी मिसो न्यायला आली. मग ती बोलली आणि मी दचकले. ती आजोबांकडून भाषा शिकली आहे, त्यामुळे पंचविशीची बाई ऐंशी वर्षांच्या शेतकऱ्यासारखी बोलते. बाबांना हसू आवरेना. तिने सरळ पुढे होऊन बाबांच्या गालाचा मुका घेतला. बाबा कानापर्यंत लाल झाले, आणि आत्या, त्यांनी गाल पुसला नाही.

संडासातल्या सपाता घालून ती थेट चटईच्या खोलीत आली. मी तोंड वळवलं. रात्री आंघोळीला नवं माणूस म्हणून तिलाच आधी पाठवलं. तिने टबात छान डुंबून घेतलं आणि निघताना बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं. बाबा, दादा आणि मी पाळीपाळीने त्याच पाण्यात उतरायचं म्हणून वाट पाहत बसलेलो. मी पुन्हा टब भरला आणि तापवला. बाबा मला हळूच म्हणाले की तिला सांग गं नीट, तिला कुठून माहीत असणार. मी सांगते म्हणाले. पण कसं सांगू हे मला कळत नाही.

दादा म्हणतो, आता तो इथेच राहणार. मला आनंद व्हायला हवा. पण आई गेल्यापासून घरची भातवाढी, म्हणजे सगळा कारभार, माझ्या हातात आहे. थोरल्याची बायको आली की ती तिच्या हातात जाते. बाबांना सोडवत नाही म्हणून मी दोन स्थळं परत पाठवली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मग मी या घरात कोण? असा विचार मनात येणं वाईट आहे का, तेही सांगा.

धाकट्यांवर असते तशी माया माझ्यावर राहू द्यावी.
तुमची इकुए


क्योतो, ता. २३ मे १९९३

चि. इकुए हिस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. एकाच पानात संपवलंस. एका पानाचं पत्र म्हणजे दारातूनच बोलून निघून गेल्यासारखं दिसतं, मागे एक कोरं पान जोडायचं असतं, हे तुला मी किती वेळा सांगितलं? तिकीट वाकडं लावलंस. आणि ‘गुडघा कसा आहे’ हे तिसऱ्या ओळीत यायला हवं होतं, मिसोच्या नंतर नव्हे. माझा गुडघा मिसोपेक्षा थोरला आहे.

रागावू नकोस. मी तुला रागावते कारण तू माझी आहेस. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाई सात वर्षं माझं नुसतं कौतुक करत होत्या. तुमच्या हाताला काय चव आहे, तुमचा तो डोंगरी हेल किती गोड. मी वेडी, खूश असायची. मग एकदा सूप खारट झालं म्हणून त्या माझ्यावर खेकसल्या, आणि मी न्हाणीत जाऊन आनंदाने रडले. जिला रागावतात ती घरची, जिचं कौतुक करतात ती पाहुणी. क्योतोत बाईला एवढं कळलं की पुरतं.

आता तुझ्या प्रश्नाचं. तिला काही सांगू नकोस. कशाला सांगायचं? तुझ्या घरी पाहुणी आली आहे, तिचा मान ठेव. रोज पहिलं पाणी तिला. खोक्यातला फुलांचा पेला आणि झाकणाचा वाडगा तिला. स्वयंपाकघरात आली की तुम्ही बसा म्हण. वहिनी म्हणू नकोस, परक्या माणसासारखं लुसिया-सान म्हण. तिच्या भाषेची तारीफ कर. पिवळ्या केसांची कुणी आली असती तर तिच्या हजार चुका लोकांनी हसून पोटात घातल्या असत्या. ही आपलं तोंड घेऊन आली आहे, हिला एकही माफ होणार नाही. तुला काहीच करावं लागणार नाही.

आणि पाहुण्यांचे जोडे आपण दाराकडे तोंड करून ठेवतो, तसे तिचे रोज सकाळी ठेवत जा. कधीतरी तिच्या लक्षात येईल.

मनात आलेला विचार वाईट नव्हता. तो असा लिहून काढलास हे वाईट.

माझं बोलणं टोचतं तोवर माझी माया आहे असं समज.
तुझी आत्या


इईदा, ता. ११ जुलै १९९३

ती. सौ. तोमिएआत्यास,
इकुएचे शि. सा. न. वि. वि.

पाऊस संपून उकाडा सुरू झाला आहे. तुमचा गुडघा या दमट हवेत दुखत असेल, जपावं. या खेपेस कोरं पान जोडलं आहे.

तुम्ही सांगितलं तसंच चाललं आहे. लुसिया-सान खूश आहेत. परवा त्यांनी साओ पाउलोला आईला फोन केला. बोलत होत्या त्यांच्या भाषेत, पण नंतर मला सांगितलं की मी आईला म्हणाले, इथे मला राणीसारखं ठेवतात, सासरे तिष्ठत बसतात आणि मी आधी न्हाते. फोनवर त्यांची आई रडली म्हणे. मी म्हटलं, तुमचं बोलणं फार सुधारलंय. त्यांनी मला मिठी मारली.

बूच त्या रोज काढतात. एक गोष्ट मनात येते ती लिहिते. जो शेवटी न्हातो त्याने बूच काढायचंच असतं. सुनेसारखं त्यांना शेवटचं पाणी दिलं असतं, तर त्यांची चूक चूकच राहिली नसती. आपण पहिलं पाणी देतो म्हणून ती रोज होते. हे बरोबर आहे ना? दादा उशिरा येतो, तोवर टब पुन्हा भरलेला असतो, त्याला काहीच ठाऊक नाही. बाबा मात्र पडवीत सुती झगा घालून बसून राहतात. त्यांनी दोनदा विचारलं की तिला सांगितलंस का. मी म्हणाले, सांगते. हे खोटं नाही, कारण कधी ते मी म्हटलं नाही. तरी झोप लागत नाही.

शेजारच्या मात्सुनोकाकू कुंपणावरून विचारत होत्या की तुमच्याकडे पाण्याची बरीच चंगळ दिसते. म्हणजे गल्लीला कळलं आहे.

आणखी एक. त्या जेवताना आपल्या काड्यांनी घास उचलून समोरच्याच्या काड्यांत द्यायला जातात. मला भोपळ्याची फोड अशी देऊ लागल्या, मी चटकन बशी पुढे केली. दहनानंतर आईच्या अस्थी तुमच्या काड्यांतून माझ्या काड्यांत आल्या होत्या, तेच आठवलं. त्याशिवाय कुणी काडीला काडी लावून काही देतं का? त्यांच्या आजोबांना तिकडे मातीत पुरलं, त्यामुळे त्यांनी हे कधी पाहिलेलंच नाही. दादा घाईत जेवतो, त्याच्या लक्षात नाही. हे तरी सांगावं का? कुणाचं अशुभ व्हायला नको.

त्या सारख्या स्वतःचा वाडगा मागतात. तुम्हा सगळ्यांचे आपापले वाडगे, आपापल्या काड्या, मग माझाच खोक्यातला का, असं विचारतात. मी म्हटलं, तुमचा सगळ्यांत चांगला आहे.

लहानीवर लक्ष असू द्यावं.
तुमची इकुए


ताजिमी, ता. १९ ऑगस्ट १९९३

अगं इकुए,

बरी हाईस का? मी बरी हाय. शुंजी म्हणतो पत्राच्या सुरवातीला हवापाणी लिवायचं असतं. तर हितं लई गरम होतंय, झालं.

आमी दोन दिस मडकी-वाडगे बनत्यात त्या गावात आलोय. शुंजीनं सुट्टी काढली, कवा न्हाई ते. मी तुज्यासाठी वाडगा घेतला, सासऱ्यांसाठी घेतला, आन् एक माज्यासाठी. माजा निळा हाय, त्यावर एक ससा हाय, एक कान जरा वाकडा, म्हनून दुकानदार दुसरा देत हुता. मी म्हनलं, न्हाई, ह्योच. आता मला त्या खोक्यातल्या वाडग्याची भीती न्हाई. तो फुटला तर काय, असं रोज वाटायचं आन् भात गिळायचा न्हाई.

तू माजी लई ठेप ठेवतीस. मला कवा मदत बी करू देत न्हाईस. आजोबा म्हनायचे, आपल्या खोऱ्यातली मानसं वरनं थंड, आतनं चूल. ते खरं हाय. पन इकुए, एक मागनं हाय. मला चुकलं तर सांगत जा. आजोबांनी शिकवलं ते सगळं लई जुनं हाय, मला म्हाईत हाय. शुंजीला इचारलं की तो म्हनतो इकुएला इचार, घरचं सगळं तिला ठाव. म्हनून तुला इचारते. तू रागावलीस तरी चालंल.

परत आल्यावर भात मी लावनार. तू बसायचं.

तुला एक मिठी. सासऱ्यांना सांग, गार पानी पिऊ नका, खोकला येतो.
लुसिया


क्योतो, ता. ३० ऑगस्ट १९९३

चि. इकुए हिस,
आत्याचे अ. उ. आ.

तिचं पत्र मला वाचायला पाठवलंस ते ठीक, पण घडी मोडून पाठवलंस. पत्राची घडी होती तशीच घालायची असते.

तिचा वाडगा छान आहे म्हण. इतका छान की रोज वापरून फुटायला नको म्हण, आणि खोक्यात ठेव.

सप्टेंबरात तुझ्या आईचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध. गुडघ्याने मला येता येणार नाही, डॉक्टर शस्त्रक्रियेचं म्हणताहेत. तेव्हा सगळं तुझ्यावर. जेवणाच्या वेळी तिला तुझ्या बाबांच्या शेजारी बसव. घरच्या बायका वाढायला उठतील, पाहुणीने बसून राहायचं. शुंजीला देवळातल्या बुवांच्या सरबराईत गुंतव. एवढंच. तिला सांगायचं की नाही हा प्रश्नच येत नाही. पाहुण्यांना कुणी शिकवतं का?

तू घाबरट आहेस हे मला ठाऊक आहे. घाबरलीस की तुझ्या हातून वाटीतलं सांडतं. त्या दिवशी सांडू नकोस.

बोलणी खायला कधीतरी क्योतोला ये.
तुझी आत्या


इईदा, ता. ३ ऑक्टोबर १९९३

ती. सौ. तोमिएआत्यास,
इकुएचे शि. सा. न. वि. वि.

पर्सिमनची फळं पिकायला लागली आहेत. शस्त्रक्रियेची तारीख ठरली का? तुमच्या काळजीत आहे.

आईचं श्राद्ध यथासांग पार पडलं. काही सांडलं नाही. लुसिया-सान बाबांच्या शेजारी होत्या. मी वाढत होते, दादा बुवांना साके ओतत होता. सगळी मंडळी जेवायला बसली आणि लुसिया-साननी वाटीतला मोठा अळूकंद काड्यांनी उचलून बाबांपुढे धरला. बाबांना अळूकंद आवडतो हे त्यांना माहीत होतं. ओकायाहून आलेल्या आजींनी तोंडावर हात धरला. बुवा सुपाच्या वाटीत बघत राहिले. बाबांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, आत्या. मग आपल्या काड्या पुढे केल्या आणि काडीतून काडीत तो घेतला, आणि खाल्ला. छान शिजलाय म्हणाले. लुसिया-सान हसल्या. सगळे गप्प झाले ते मायेने गप्प झाले असं त्यांना वाटलं असावं.

जाताना प्रत्येक जण त्यांना सांगत होता की तुम्ही काड्या किती सुरेख धरता.

त्या दिवसानंतर बाबांनी मला बुचाबद्दल विचारलं नाही. काहीच विचारत नाहीत. संध्याकाळी पडवीत बसतात, आता गारवा आहे, पण आत या म्हटलं तरी येत नाहीत. खोकला परत सुरू झाला आहे. आपण सगळं रीतीप्रमाणेच करतो आहोत ना? मी कुणाला वाईट शब्द बोललेली नाही.

रागावून का होईना, लवकर लिहावं.
तुमची इकुए


इईदा, ता. १२ डिसेंबर १९९३

ती. सौ. तोमिएआत्यास,
इकुएचे शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यात तुम्हाला तारेने कळवलं ते अपुरं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. सुतकातलं पत्र, म्हणून हवेबद्दल लिहीत नाही, आणि या पत्राला कोरं पानही जोडत नाही, दुःख दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून. एवढं तरी बरोबर आहे ना?

बाबा न्यूमोनियाने गेले. डॉक्टरांनी विचारलं, गारठ्यात बसत होते का. मी सांगितलं, आंघोळीच्या पाण्याची वाट पाहत बसायचे. वाट का पाहावी लागायची हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. पण गल्लीत दुसरंच बोलतात. मात्सुनोकाकू दुकानात उभ्या राहून म्हणाल्या की सुनेने जिवंतपणीच अस्थी दिल्या, मग काय होणार. दार उघडं होतं. लुसिया-सान आत होत्या. त्यांना शब्द कळले, अर्थ कळला नाही. मला विचारलं की अस्थी म्हणजे कोणत्या. मी म्हटलं, काकू म्हाताऱ्या झाल्या आहेत.

अर्थ त्यांना दहनगृहात कळला.

नेताना रीतीप्रमाणे दारात बाबांचा वाडगा मी फोडला. दहन झाल्यावर आम्ही अस्थींभोवती उभे राहिलो. एक काडी बांबूची, एक लाकडाची, तशा लांब काड्या सगळ्यांना दिल्या. दादाने पायाकडचं हाड उचललं आणि शेजारी धरलं. शेजारी लुसिया-सान होत्या. दादा हळूच म्हणाला की काड्यांनी घे आणि इकुएकडे दे. त्यांनी काड्या पुढे केल्या, आणि तिथेच थांबल्या. मला वाटलं आता हाड पडणार. त्यांनी पाडलं नाही. तेवढं कौतुक करायलाच हवं. त्यांनी ते घेतलं, माझ्याकडे वळल्या, आणि माझ्या काड्यांत ठेवताना माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अळूकंद त्यांना आठवला, हे मला दिसलं.

परतताना गाडीत बसण्याआधी त्यांनी एवढंच विचारलं, “तुला म्हाईत हुतं?”

मी म्हणाले, “लुसिया-सान, तुमचं बोलणं आता किती सुधारलंय.”

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पहिलं पाणी त्यांच्यासाठी काढलं. त्या म्हणाल्या, नको. दादा गेला, मी गेले, सगळ्यांच्या मागून त्या गेल्या. निघताना बूच काढलं. आत्या, त्या दिवशी ते बरोबर होतं.

सुतकाचे दिवस संपायच्या आत दोघं हामामात्सूला गेली. लुसिया-सानना दिवस गेले आहेत, हे मला जाताना कळलं. दादा माझ्याशी फारसं बोलला नाही. त्याला किती सांगितलंय ठाऊक नाही. लुसिया-साननी आपला सशाचा वाडगा मागून घेतला. खोक्यातून काढून दिला, एकदाही न वापरलेला. दाराशी त्यांचे जोडे बाहेर तोंड करून होते, सवयीने मीच ठेवलेले. ते बघून त्या वाकल्या, अगदी आपल्या रीतीने, दोन्ही हात मांडीवर घेऊन. असं वाकायला त्यांना मी शिकवलेलं नाही.

आता भातवाढी माझ्याकडेच आहे. एकीपुरता भात लावते, तो खाली लागतो.

तुम्ही लवकर बऱ्या व्हा आणि मला रागवायला या.
तुमची इकुए


हामामात्सू, ता. १५ फेब्रुवारी १९९७

आदरणीय इकुए-सान यांस,
सा. न. वि. वि.

आलुबुखारच्या फांद्यांवर पहिल्या कळ्या दिसू लागल्या असून थंडीची पकड सैल होत आहे. अशा या बदलत्या हवेत आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते. आम्ही सर्व आपल्या कृपेने सुखरूप आहोत.

गेली तीन वर्षं आपली भेट झाली नाही याची खंत वाटते. आपण घरी असताना माझी जी बडदास्त ठेवलीत ती मी विसरलेले नाही. त्यातलं काही विसरू नये म्हणून मी रोज आठवते. आमची नाओ आता अडीच वर्षांची झाली आहे. तीन मार्चला मुलींच्या सणाच्या बाहुल्या तिच्यासाठी मांडणार आहोत. शुंजीलाही आपल्याशी घराविषयी बोलायचं आहे. आपले पाय आमच्या लहानशा घराला लागावेत अशी विनंती आहे.

आपल्यासाठी काही खास करता येणार नाही, तरी पहिलं पाणी तयार ठेवीन.

आपली कृपादृष्टी आमच्यावर असते तशीच असावी.
आपली नम्र
लुसिया

(मागे एक कोरं पान.)


इईदा, ता. ९ मार्च १९९७

ती. सौ. तोमिएआत्यास,
इकुएचे शि. सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे? हे आधी लिहिलं. हवेचं राहिलं.

मी हामामात्सूला जाऊन आले. लुसिया-साननी दार उघडलं तेव्हा मी ओळखलं नाही. बोलणं अगदी तुमच्यासारखं झालं आहे, क्योतोच्या बायकांसारखं मऊ. क्योतोला चहाविधीच्या वर्गाला जातात म्हणे. मला पाहुण्यांच्या सपाता दिल्या. मी स्वयंपाकघरात मदतीला गेले तर म्हणाल्या, इकुए-सान, तुम्ही बसा. माझ्या किमोनोची तारीफ केली, तो आईचा जुना, कोपरात विरलेला. जेवायला मला झाकणाचा नवा वाडगा होता, खोक्यातून काढलेला. दादाचा निळा, नाओचा छोटा पिवळा, आणि लुसिया-सान सशाच्या वाडग्यातून जेवत होत्या. त्याला आता दोन ठिकाणी डाग पडले आहेत, रोजच्या वापराचे. नाओने सूप सांडलं तर त्या तिच्यावर अशा खेकसल्या की मी दचकले. नाओ रडली आणि लगेच त्यांच्याच कुशीत शिरली.

पहिलं पाणी मला दिलं. मी बुचाकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिले. काढलं नाही.

मी नाओला जवळ बोलावलं, म्हटलं, मी तुझी आत्या. ती आईकडे बघायला लागली. मग चटईवर बसली, दोन्ही हात टेकले, डोकं लावलं आणि पाठ केलेलं म्हणाली, “पाहुणीबाई, आमच्या घरी आलात, आनंद झाला.” दादा दुसरीकडे बघत होता.

सकाळी माझे जोडे दाराकडे तोंड करून होते.

दादा दुकान आणि घर विकून टाकणार आहे. घर थोरल्याचं, त्याला तो हक्क आहे, माझं काही म्हणणं नाही. पावसाळ्याआधी मला निघायचं आहे. तुम्हाला गुडघ्याने उठबस होत नाही. मी तुमच्याकडे येऊन राहिले तर? मला मागची छोटी खोली पुरेल. भात मी लावीन, तुमची पाठ घासीन, शेवटचं पाणी मला चालेल. मला आता तुमच्याशिवाय कुणी नाही.

कोरं पान जोडायला घरात कागद उरला नाही. मजकूर पसरला आहे, एका ठिकाणी शाईवर पाणी पडलं आहे. घडीही नीट आलेली नाही. मला रागवा, आत्या.

तुमची इकुए


क्योतो, ता. २४ मार्च १९९७

प्रिय इकुए-सान यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

चेरीला आता दोन-चार दिवसांत बहर येईल असं सगळे म्हणताहेत. आपलं पत्र पावलं. किती सुंदर अक्षर, आणि किती नेटका मजकूर. कोऱ्या पानाचं काय घेऊन बसलात, त्यात रागावण्यासारखं काही नाही. शाई पसरली होती तिथेही एखाद्या चित्रासारखं दिसत होतं.

माझ्या गुडघ्याची आपण इतक्या आपुलकीने चौकशी केलीत, मन भरून आलं. इकडची काळजी नसावी. लुसिया दर महिन्याला येऊन जाते. मुलगी गुणाची, पण हात अजून जड आहे, परवा सूप खारट केलंन. चांगली झापली तिला.

आपल्यासारख्या सुस्वभावी मुलीला कुठेही चांगली जागा मिळेल याची मला खात्री आहे. मागची खोली लहान आणि अंधारी, आपल्याला शोभणारी नाही. मात्र कधी क्योतोला येणं झालं तर घटकाभर अवश्य यावं. पहिलं पाणी आपल्यासाठीच काढून ठेवीन.

आपला स्नेह आहेच, तो असाच दुरून राहावा.
तोमिए

(मागे एक कोरं पान.)